आठ यार्ड

तळ्यावरून मारायचं असलं की
गुप्ते साहेब आधी हातमोजा काढतात, परत घालतात.
वेल्क्रोचा तो चर्रर्र आवाज, दोनदा.
मग विचारतात, "किती?"

माझ्या पावलांनी एकशे अठ्ठेचाळीस.
मी सांगतो, एकशे छप्पन्न.

बावीस वर्षं झाली चेंबूरच्या या गवतावर बॅग उचलून,
त्यातली अकरा यांची.
त्यांना माझं नाव ठाऊक आहे, आडनाव नाही.
मला मात्र माहीत आहे
की पाणी दिसलं की यांचा उजवा हात घट्ट होतो,
की बाईंच्या ऑपरेशनच्या आठवड्यात
सगळे बॉल डावीकडे जात होते,
की बॉलमागे उभं राहून ते डोळे मिटतात तेव्हा
त्यांना ग्रीन दिसत नाही,
मागच्या रविवारचं डुबुक ऐकू येतं.

म्हणून आठ यार्ड मी माझ्या पदरचे घालतो.
भीती तेवढेच खाते. मोजून बघितलंय.

सहा नंबर देताना मी तो पुसतो.
पुसायची गरज नसते,
पण पुसण्यात चार सेकंद जातात
आणि चार सेकंदांत श्वास खाली बसतो
हंड्यातला गाळ बसावा तसा.
भिंतीपलीकडे रिफायनरीची ज्योत.
ती वाकते त्यावरून मी वारा सांगतो.
वाऱ्याच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

एकदा एक पाहुणे आले होते,
मनाचा वेगळा मास्तर ठेवलेले.
म्हणाले, निशाण बघायचं आणि बॉल विसरायचा.
तीन बॉल विसरले, तिन्ही तळ्यात.
संध्याकाळी पाणबुड्या पोरांनी
आठवणीने बाहेर काढले.

परवा सहा नंबर हातात घेऊन
गुप्ते साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले,
"तुझा आकडा नेहमी जरा मोठाच असतो, नाही का रे?"
मी टॉवेल खांद्यावर टाकला.
त्यांनी काठी बदलली नाही.
मारला. ग्रीनच्या मधोमध.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही,
चालताना त्यांनी फक्त
हातमोजा माझ्याकडे दिला, धरायला.

सोमवारी क्लब बंद.
सोमवार कॅडींचा.
बॅग कस्तुरी घेते, बॅग म्हणजे
पाच काठ्या, पाच वेगळ्या मेलेल्या सेटांतल्या.
दहावीचं वर्ष आहे, आई ओरडते, तरी येते.

तेच तळं.
मी बॉलमागे उभा राहतो आणि
आकडा मला माहीत असतो.
हीच तर अडचण.
एकशे अठ्ठेचाळीस म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस,
मध्ये उशी नाही.
मग त्या उघड्या जागेत सगळं घुसतं:
घाटल्याच्या खोलीवर लावलेला बिल्डरचा कागद,
भिशीचा हप्ता, कमरेतली ती शीर,
खतकारखान्याचा वास,
आणि पलीकडे घोळक्यात उभा असलेला पास्कल,
जो हसणार नाही, पण न हसताना दिसेल.
उजवा हात घट्ट होतो.
बघतो तर हा हात माझाच.

दुसऱ्याच्या डोक्यात शिरून कोपरे झाडायला
मला अकरा वर्षांत कधी जड गेलं नाही.
स्वतःच्या दारात मात्र
चप्पल काढू की नको, तेच कळत नाही.

"पप्पा," कस्तुरी म्हणाली,
"होल आज मागे कापलाय. छप्पन्न धरा."

झेंडा मला तिथेच दिसत होता,
काल होता तिथेच.
मी तिच्याकडे बघितलं.
ती सहा नंबर पुसत होती
ओढणीच्या टोकाने,
सावकाश.
काठी कोरडीच होती.

एक.
दोन.
ज्योत सरळ उभी.
तीन.

मी हात पुढे केला.